'असे होतच असते' म्हणण्यापूर्वी

गेल्या तीन-चार महिन्यांत या सदराकडे आलेली पत्रे चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. ठेवी, वारसनोंद, विमा, भाडेकरार हे आपले नेहमीचे विषय. परंतु या वेळी त्यांच्या बरोबरीने वाचकांनी घरातील लेक किंवा सून गरोदर असताना पडणारे प्रश्न विचारले आहेत. पपई चालते का? ग्रहणात भाजी चिरली तर काय होते? लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात का? चौविहार सुरू ठेवावा का? पत्रलेखकांत सासूबाई आहेत, लेकींच्या आई आहेत, पेढीवर बसणारे दोन पतीही आहेत. स्वतः गरोदर असलेल्या स्त्रीचा प्रश्न मात्र एकच होता. तोही पत्राने नव्हे, व्हॉट्सॲपवर आला आणि सर्वांत लहान होता. आठवा महिना चालू आहे, दोन दिवस डोके सतत दुखते, घरात सांगितले तर 'असे होतच असते' म्हणतात. खरेच होते का? त्यांना अंकाची वाट न पाहता लगेच कळविले की आजच्या आज रक्तदाब मोजून घ्यावा. त्याचे कारण पुढे योग्य ठिकाणी येईल.

प्रथम एक खुलासा. मी वैद्यकशास्त्राची पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची आहे, आणि नोकरीची सारी वर्षे बँकेत कर्जप्रकरणांची कागदपत्रे तपासण्यात गेली. या लेखातील वैद्यकीय विधाने तज्ज्ञांच्या संस्थांचे प्रसिद्ध मार्गदर्शन आणि संशोधनाची नियतकालिके यांवर आधारलेली आहेत. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. परंतु पुरावा कशाला म्हणावे, हा प्रश्न बँकेतही रोजचाच असतो. अर्जदार सज्जन दिसतो, शेजारी त्याची ग्वाही देतात, म्हणून कर्ज मंजूर होत नाही. 'माझ्या जावेने खाल्ले, तिला काही झाले नाही' किंवा 'अमकीने खाल्ले आणि तिचे दिवस वाया गेले', ही दोन्ही वाक्ये तोंडी हमीसारखीच आहेत. पुरावा म्हणजे, एकीकडे ती गोष्ट केलेल्या अनेक स्त्रिया, दुसरीकडे न केलेल्या तितक्याच, बाकी परिस्थिती शक्यतो सारखी, आणि मग दोन्हीकडचा हिशेब.

हा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांनाच लागू आहे, डॉक्टरांना नाही, असे कोणी समजू नये. १९४०च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक गरोदर स्त्रियांना सर्रास दिले जात होते. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी सुमारे १,६०० स्त्रियांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली, तेव्हा औषधाचा काहीही लाभ नसल्याचे दिसले. निष्कर्ष छापून आला, तरी औषध देणे थांबले नाही. पुढे १९७१ मध्ये, ज्यांच्या आयांनी ते घेतले होते अशा तरुण मुलींमध्ये एक दुर्मीळ कर्करोग आढळला, तेव्हा कोठे सरकार जागे झाले. ताळेबंदात तोटा दिसत असताना अठरा वर्षे तोच व्यवहार चालू ठेवावा, असा हा प्रकार होता.

आपल्या घरांतील चुका दोन प्रकारच्या आहेत. जेथे धोका नाही तेथे धाक घातला जातो, आणि जेथे धोका आहे तेथे 'असे होतच असते' म्हणून विषय संपवला जातो. पहिलीने स्त्रीचे मन आणि जेवण आखडते. दुसरीने प्रसंगी जीव जातो. म्हणून आलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच दृष्टीने पाहू.

आरंभी एक हिशेबाची बाब. घरात आपण महिने मोजतो, डॉक्टर आठवडे मोजतात, आणि ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे डॉक्टर 'सहावा आठवडा' म्हणतात तेव्हा गर्भ प्रत्यक्षात सुमारे चार आठवड्यांचाच असतो. प्रसूतीची दिली जाणारी तारीखही याच दिवसापासून २८० दिवसांची आहे. ती हुंडी वटण्याची तारीख नव्हे. दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होणे स्वाभाविक आहे.

मळमळ आणि ओकाऱ्या यांविषयी सर्वांत अधिक पत्रे आहेत. दहापैकी सात-आठ गरोदर स्त्रियांना हा त्रास होतो. तो सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि बहुधा सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. तो केवळ सकाळीच होतो असेही नाही. एका भगिनींनी लिहिले आहे, 'आमच्या वेळी आम्ही पहाटे उठून वीस माणसांचा स्वयंपाक करत होतो, आताच्या मुलींना फोडणीचा वासही सोसत नाही.' त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु या तुलनेला आधार नाही. २०२३च्या डिसेंबरमध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की, गर्भ आणि वार यांच्याकडून स्त्रीच्या रक्तात येणारे जीडीएफ १५ नावाचे संप्रेरक या त्रासाच्या मुळाशी आहे. गरोदरपणापूर्वी ज्या स्त्रीच्या रक्तात हे संप्रेरक कमी असते, तिला त्याची एकाएकी झालेली वाढ अधिक बाधते. म्हणजे एकीला त्रास होतो आणि दुसरीला होत नाही, याचे कारण स्वभावात वा माहेरच्या वळणात नसून रक्तात आहे.

या संशोधनामागे मार्लिना फेजो नावाची अमेरिकन शास्त्रज्ञ आहे. १९९९ मध्ये ती स्वतः गरोदर असताना ओकाऱ्यांनी इतकी खंगली की तिला उठता-बसता येईना, आणि पंधराव्या आठवड्यात तिचे मूल गेले. लक्ष वेधून घेण्यासाठी ती त्रास वाढवून सांगते आहे, असा तिच्या डॉक्टरांचा समज होता. त्यानंतरची वीसहून अधिक वर्षे तिने या एका प्रश्नाला दिली. 'नखरे' हा शब्द उच्चारण्यापूर्वी हे नाव आठवावे, अशी माझी विनंती आहे.

उपाय साधे आहेत. थोडे थोडे, पण वारंवार खावे. पोट रिकामे राहू देऊ नये. उठण्यापूर्वी अंथरुणातच कोरडा खाकरा किंवा कुरमुरे खावेत. वासाने त्रास होत असेल तर काही आठवडे फोडणीचे काम दुसऱ्याने करावे. आल्याने मळमळ काही प्रमाणात कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. ज्या घरांत आले वर्ज्य आहे तेथे सुंठ चालते, आणि चाचण्यांतही बहुतेक वेळा वाळलेल्या आल्याची पूडच वापरलेली होती. त्यानेही भागले नाही तर ब ६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिन यांची संयुक्त गोळी डॉक्टर देतात. या गोळीचा इतिहास बोलका आहे. अमेरिकेत तिच्यावर इतके दावे लागले की १९८३ मध्ये उत्पादकांनी ती बाजारातून काढून घेतली. बाळात दोष आल्याचा पुरावा मात्र मोठमोठ्या पाहण्यांतही मिळाला नव्हता. २०१३ मध्ये तेथील सरकारने तीच जोडी पुन्हा मंजूर केली. तीस वर्षे स्त्रियांनी केवळ धास्तीपोटी त्रास काढला.

मात्र २४ तासांत पाण्याचा घोटही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद रंगाची होत असेल, चक्कर येत असेल, वजन घटत असेल, तर हे 'होतच असते' या सदरात मोडत नाही. शिरेतून सलाईन देण्याची ती वेळ आहे.

आता त्या प्रश्नाकडे वळते, जो पत्रात सरळ विचारला जात नाही, आडून विचारला जातो: दिवस वाया कशाने गेले? जिना चढल्याने, स्कूटरवर बसल्याने, गव्हाचे पोते सरकवल्याने? ज्ञात गरोदरपणांपैकी सुमारे आठात एक गर्भपाताने संपते, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यांतील निम्म्याच्या आसपास प्रसंगांत गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. बीज रुजतानाच झालेली ती चूक पुढे कोणत्याही विश्रांतीने सुधारत नाही. गर्भपात टळावा म्हणून सक्तीने अंथरुणावर पडून राहण्याचा लाभ चाचण्यांत दिसलेला नाही. उलट दीर्घकाळ पडून राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीच्या महिन्यांत थोडासा रक्तस्राव सुमारे चारपैकी एका स्त्रीला होतो आणि त्यांपैकी अनेकींची मुले सुखरूप जन्मतात. तरी प्रत्येक रक्तस्राव डॉक्टरांना कळवावाच, आणि पोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाला कळ किंवा भोवळ असेल तर त्याच तासाला. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजल्याची ती खूण असू शकते. ज्या घरात असे दुःख घडून गेले आहे, तेथे त्या मुलीला 'तू तेव्हा काय केले होतेस?' असे विचारणे हा निराधार आरोप आहे. जिच्यावर तो होतो ती आयुष्यभर त्याचे व्याज भरत राहते.

पपईचा प्रश्न सात पत्रांत आहे. २००२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये उंदरांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पिकलेल्या पपईच्या रसाने गर्भाला अपाय झाला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावले. त्यावरून कच्ची किंवा अर्धवट पिकलेली पपई, तिची कोशिंबीर आणि लोणचे टाळावे, हे शहाणपणाचे आहे. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या गेल्या म्हणून रात्रभर रडत बसण्याचे कारण नाही. आजीबाईंचा नियम येथे अर्धा खरा निघाला.

ग्रहणाचे तसे नाही. ग्रहणात चिरले-कापले की बाळाचा ओठ फाटतो, ही समजूत आहे. बाळाचा वरचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, पुष्कळदा स्त्रीला आपण गरोदर आहोत हे नीट समजण्याच्या आतच. सातव्या महिन्यातील ग्रहण जुळून झालेला ओठ कसा फाडणार? ओठ दुभंगण्यामागे अनुवंश, धूम्रपान, काही औषधे अशी कारणे आढळली आहेत. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे सर्वांनाच लागू आहे. परंतु तेवढ्या वेळात तहानलेल्या गरोदर स्त्रीला पाणी नाकारू नये.

केशराने बाळ गोरे होत नाही. वर्ण आई-वडिलांच्या जनुकांतून येतो. नवव्या महिन्यात तूप अधिक खाल्ल्याने प्रसूती सोपी होत नाही, वजन मात्र वाढते. पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी हे सांगता येते का, याची अमेरिकेत १०४ स्त्रियांवर तपासणी झाली आणि आकाराचा काहीही संबंध आढळला नाही. या विषयात आपल्या राज्यात कुतूहलालाही मर्यादा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. आणि एक गंमत: छातीत फार जळजळ झाली तर बाळाला केस दाट येतात, ही तिकडच्या आज्यांची समजूत खोडून काढण्यासाठी त्याच संशोधक गटाने २००६ मध्ये ६४ स्त्रियांची पाहणी केली, तर ती खरी निघाली! समजूत जुनी आहे म्हणून खोटी, असेही पुरावा सांगत नाही.

आता रक्ताकडे येऊ. हा विषय आपल्या घरांच्या फार जवळचा आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईतच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीकामगार स्त्रिया गरोदरपणात विलक्षण पांढऱ्या पडत, त्यांतील कित्येक दगावत; त्याचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने प्रयोग केले, तेव्हा यीस्टचा स्वस्त अर्क खाऊ घातल्यावर हा रक्तक्षय बरा होतो असे आढळले. तिने ते १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात घटकाला प्रथम 'विल्स घटक' म्हणत. तोच आजचे फॉलिक ॲसिड. पुढे १९९१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत असे दिसले की, ज्यांचे आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या वा मेंदूच्या दोषाने बाधित होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास तो दोष पुन्हा येण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी होते. मेंदू-कण्याची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. म्हणून गोड बातमी कळल्यावर गोळी सुरू करणे म्हणजे मुदत उलटल्यावर हप्ता भरणे. विवाहानंतर मूल हवे असे ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. ज्यांच्या घराण्यात असा दोष झाला आहे त्यांना डॉक्टर अधिक मात्रा सांगतात.

लोहाविषयी बोलायचे तर, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हे गरिबांचे दुखणे आहे, असे समजणाऱ्या सधन घरांनी आपल्या सुनेचे हिमोग्लोबिन पाहावे. गरोदरपणात ते ११च्या खाली गेले की रक्तक्षय मानतात. सरकारी कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस, रोज एक गोळी द्यावयाची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. शौचाचा रंग काळा होणे, थोडी बद्धकोष्ठता होणे, हे त्या गोळीचे परिणाम आहेत, 'उष्णता' नव्हे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास त्यातील द्रव्ये लोह अडवतात. कॅल्शियमची गोळी निराळ्या वेळी घ्यावी. दोन्ही एकत्र घेतल्यास लोहाचा भरणा खात्यात जमाच होत नाही.

ब १२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. शाकाहारी घरात ते दूध, दही, ताक यांतूनच येते, आणि तेवढे बहुधा पुरत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत ब १२ कमी होते. ज्या मातांत फॉलिक ॲसिड भरपूर पण ब १२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. मधुमेहाकडे जाणारी ती वाट आहे. एक गोळी नियमाने घेतली आणि दुसरीचे नावही काढले नाही, तर असा असमतोल होऊ शकतो. म्हणून पहिल्याच तपासणीत ब १२ मोजण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. गोळीतील ब १२ सूक्ष्म जीवाणूंकडून, आंबवण्याच्या प्रक्रियेने तयार करतात. काही वाचकांना शंका कॅप्सूलच्या वेष्टनाची आहे, आणि ती रास्त आहे: जिलेटिनचे वेष्टन प्राणिजन्य असते. उपाय औषध सोडणे हा नव्हे. डॉक्टरांना सांगून तेच औषध गोळीच्या, द्रवाच्या किंवा वनस्पतिजन्य वेष्टनाच्या रूपात घ्यावे. माशांच्या तेलाऐवजी शेवाळापासून काढलेले डीएचएही मिळते.

उपवास आणि चौविहार यांविषयी धर्माचा निर्णय देणे हे माझे काम नाही. तो आपल्या गुरुमहाराजांना विचारावा. शरीराविषयी काय माहीत आहे, तेवढे सांगते. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका अभ्यासात, रात्रीच्या जेवणानंतर सकाळची न्याहारीही टाळली तर गरोदर स्त्रीची रक्तशर्करा इतर स्त्रियांपेक्षा अधिक वेगाने उतरते आणि चरबी जळून निर्माण होणारे कीटोन वाढतात, असे दिसले. त्याने बाळाला इजा होतेच, असे त्या अभ्यासाने म्हटलेले नाही. परंतु ज्या स्त्रीला मधुमेह आहे, जी इन्सुलिन घेते, जिचा रक्तदाब वाढलेला आहे, जिला ओकाऱ्या चालू आहेत किंवा जिच्या बाळाची वाढ कमी भरली आहे, तिने बारा-तेरा तास पाण्यावाचून राहणे धोक्याचे आहे. पर्युषणात 'बाकी सगळ्या करतात' म्हणून तिच्यावर अबोल दडपण येऊ नये, हे पाहण्याचे काम घरातील ज्येष्ठ स्त्रीचे आहे. ती स्वतः बोलणार नाही. याउलट 'दोन जिवांचे जेवण' हाही अतिरेकच आहे. पहिल्या तीन महिन्यांत जादा आहार लागत नाही. पुढे रोज सुमारे ३५० उष्मांक अधिक पुरतात, म्हणजे दोन फुलके, वाटीभर डाळ आणि पेलाभर दूध. गोडाचा मारा तर नकोच. आपल्याकडे मधुमेहाची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा अधिक आले तर पुढील उपचार. त्यासाठी उपाशीपोटी जाण्याचीही गरज नसते.

आणि आता ती डोकेदुखी. विसाव्या आठवड्यानंतर काही स्त्रियांचा रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांवर ताण येतो. हा विकार पुष्कळ काळ काहीच जाणवू देत नाही. पाय संध्याकाळी सुजणे सामान्य आहे. परंतु चेहऱ्यावर, हातांवर एकाएकी सूज येणे, बांगड्या-अंगठ्या घट्ट होणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे वा अंधारणे, बरगड्यांखाली दुखणे यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रक्तदाब मोजावा. १४० वर ९० किंवा त्याहून अधिक असेल तर घरी परतू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. आरंभी उल्लेख केलेल्या भगिनींचा त्या संध्याकाळी १५८ वर १०४ निघाला; त्या लगेच रुग्णालयात दाखल झाल्या. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे १०,००० स्त्रियांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला होता. ज्यांना हा विकार होण्याची शक्यता अधिक असते, त्यांना डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. 'रक्त पातळ करणारी गोळी गरोदरपणात कशाला?' म्हणून ती परस्पर बंद करू नये.

अशाच दुर्लक्षित तक्रारींत तळहात-तळपायांना रात्री सुटणारी असह्य खाज येते. पोटाची त्वचा ताणल्याने खाजते हे खरे, पण पुरळ नसताना तळव्यांना येणारी खाज यकृताचा दोष दर्शवू शकते. त्यासाठी रक्ततपासणी आहे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, ताप, लघवीला आग, पाणी जाणे, हीदेखील थांबण्याची कामे नव्हेत. बाळाच्या हालचालींविषयीची समजूत तर सर्वांत घातक: 'दिवस भरत आले की जागा कमी पडते, म्हणून बाळ शांत होते.' हालचालीचा प्रकार बदलतो, पण ती मंदावत नाही. नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता, दुकान लवकर बंद करून का होईना, रुग्णालय गाठावे. गोड सरबत पाजून वाट पाहण्यात मोलाचे तास जातात. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

औषधांविषयी दोन गोष्टी. थायरॉईड, फेफरे, रक्तदाब यांची चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्यांतील काही बदलावी लागतात, पण तो बदल डॉक्टर करतात, आणि तो शक्यतो गर्भधारणेपूर्वीच व्हावा. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळाव्यात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर. 'जडीबुटी आहे, अपाय होणार नाही' हेही तपासूनच म्हणावे. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे आढळले, आणि त्याचा माग भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांपर्यंत लागला. शास्त्राला दोष देण्याचे येथे कारण नाही. बिनलेबलाच्या पुडीला आहे.

उरलेल्या प्रश्नांना थोडक्यात उत्तरे. चहा दिवसाकाठी दोन कप चालेल; कॅफिनची मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. दूध उकळलेले आणि मोड आलेली कडधान्ये शिजवलेली असावीत. २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर वळून झोपावे. मध्येच जाग आली आणि पाठीवर असाल तर घाबरू नये, फक्त वळावे. गाडीत पट्टा पोटाखालून, मांड्यांवरून घ्यावा. केसांचा रंग पहिले तीन महिने लांबणीवर टाकला तरी पुरे. साधी मेंदी चालते, 'काळी' म्हणून विकली जाणारी नको. डोहाळजेवणास काही हरकत नाही, मात्र त्या दिवशी तिला चार तास पाटावर बसवून ठेवू नये.

डिंकाचे लाडू, शेक-शेगडी आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यावे का, याविषयीची चार पत्रे शिल्लक आहेत. ती पुढील अंकात घेईन.